ठमाबाईचं दुसरं पिल्लू

पांडाच्या कुशीतून पिल्लू काढायला दोन माणसं लागतात आणि एक वाटी मधाचं पाणी. एकाने गजांच्या अलीकडून वाटी धरायची. ती बया चटाचटा प्यायला लागली, की दुसऱ्याने खालच्या झडपेतून हात घालायचा, पिल्लू उचलायचं आणि त्याच जागी त्याचं जुळं भावंड ठेवायचं. सात सेकंदांत. आठवं लागलं तर हात तुमचा राहत नाही. चिखलदऱ्याच्या पांडा केंद्रात मी, प्रणिता भुयार, हे काम अकरा वर्षं केलं. आठव्या सेकंदाची खूण माझ्या उजव्या मनगटावर आहे.

लोक विचारतात, मेळघाटात पांडा आले काहून? तर तिकडे चीनच्या डोंगरांत बांबू फुलला. बांबू कित्येक वर्षांतून एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो, तोही एकटा नाही, डोंगरच्या डोंगर. पूर्वी पांडा उठून पलीकडच्या डोंगरावर जायचे. आता पलीकडे रस्ते आणि शहरं. मग जिथे बांबू आहे त्या देशांना जोड्या वाटून दिल्या. आमच्याकडे बांबूला तोटा नाही, आणि गारव्यासाठी पठारावर मोठाले थंड हॉल बांधले. मे महिन्यात बाहेर आमची टाळू भाजायची आणि आत या महाराण्या बर्फाच्या लादीवर लोळायच्या. आमच्या वाट्याला आलेल्या मादीचं चिनी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही तिला ठमाबाई म्हणायला लागलो.

या ठमाबाईची तऱ्हा ऐका. वर्षातून दोन-तीन दिवस, त्याच दिवसांत काय ते मूल राहायचं. राहिलं तरी गर्भ महिनोन् महिने पोटात नुसता तरंगत राहतो, रुजतच नाही. रुजला की महिना-दीड महिन्यात बाहेर. म्हणून शंभर किलोच्या आईला शंभर ग्रॅमचं बाळ. गुलाबी, आंधळं, बटाट्याएवढं. आवाज मात्र असा, की हॉलच्या दारापर्यंत यावा. निम्म्या वेळा जुळं होतं आणि आई एकच उचलते. दुसरं जमिनीवर ओरडत राहतं, ती तिकडे बघतही नाही. मला पहिल्यांदा फार राग आला होता तिचा. पण ती तरी काय करणार? हातातलं खाली ठेवलं तर ते गारठून जातं. पहिले कित्येक दिवस ती खायला उठत नाही, प्यायला उठत नाही, पिल्लू तळहातावर धरून भिंतीला टेकून बसून राहते.

म्हणून अदलाबदल. एक आईकडे, एक आमच्याकडे गरम पेटीत, तीन-साडेतीन तासांनी उलट. पहिल्या दिवसांचं आईचं दूध हिरवट असतं. रोगाशी लढायची सगळी ताकद त्यातच. बाटलीतल्या दुधाने पोट भरतं, ती ताकद येत नाही.

सात वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात ठमाबाईला जुळं झालं. टाकलेल्या पिल्लाच्या पाठीवर आम्ही जांभळ्या औषधाचा ठिपका लावला, ओळखायला. माझा जोडीदार सुखलाल कास्देकर, इथलाच कोरकू माणूस, साठीला आलेला. त्याने वाटी धरली. ठमाबाईने वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी झडपेतून हात घातला, तर तिने पिल्लू हनुवटीखाली घेतलं आणि अशी गुरगुरली, की माझं ते खुणेचं मनगट आपोआप मागे आलं.

"राहू द्या न ताई," सुखलाल म्हणाला. "माय आहे ते. पुढच्या वेळेला घेऊ."

पुढच्या वेळेलाही तेच. तिसऱ्या वेळेलाही तेच.

आता प्रत्येक वेळी भिंतीवरच्या पडद्यावर नोंद करायची असे. अदलाबदल झाली? झाली तर एक बोट. नाही झाली तर कारण निवडा: यंत्र बंद, कर्मचारी गैरहजर, पिल्लू आजारी. बस, तीन पर्याय. 'आई तयार नव्हती' असा पर्यायच नव्हता! आणि कारण निवडल्याशिवाय पडदा पुढे सरकत नसे. दिवसात तीनदा 'नाही' आलं की दिल्लीहून फोन, चौकशी, आणि मग मादी दुसऱ्या केंद्राला हलवायची धमकी. ठमाबाईला हलवू देणं आमच्या जिवावर आलं असतं. आम्ही 'झाली' दाबलं.

पाच दिवसांत पस्तीस वेळा दाबलं. खऱ्या झाल्या चार. ठिपक्याचं पिल्लू सहाव्या दिवशी दुपारी माझ्या हातात गेलं. मी रडले, सुखलालने बांबूच्या बेटात खड्डा केला आणि नोंदीत लिहिलं गेलं, की दोघांना सारखं दूध, सारखी ऊब मिळाली, तरी एक दगावलं.

पुढच्या वर्षीही असंच झालं, त्याच्या पुढच्याही. बाकीच्या केंद्रांतली माणसं प्रशिक्षणाला भेटायची, चहाच्या वेळी हसत हसत हेच सांगायची. सगळीकडे तोच पडदा होता.

तीन वर्षांनी देशकर मॅडम आल्या. डॉक्टर गार्गी देशकर, चाळिशीची, भराभर बोलणारी, मनाने चांगली बाई. आम्हाला सगळ्यांना समोर बसवून त्यांनी त्यांचं यंत्र समजावून सांगितलं. इतकं सोपं करून, की मला अजून पाठ आहे.

"बघा प्रणिताताई, जुळ्यांची आई एक. तुमच्या अदलाबदलीमुळे दूध सारखं, ऊब सारखी. तरीही एक जगतं आणि एक जातं. म्हणजे जाण्याचं कारण बाहेर नाही, त्याच्या आत आहे. फुप्फुसं किती उघडली, मेंदू श्वासाला किती नीट ताल देतो, हे सगळं जन्मानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांच्या रडण्यात उतरतं. नऊ केंद्रांतल्या सहाशे पिल्लांचं रडणं आणि तुमच्या नोंदी मी यंत्राला शिकवल्या. आता ते रडणं ऐकून सांगतं, कोण टिकणार."

मॅडमचं माहेर कोकणातलं. तिकडे देवाला फुलं लावून कौल घेतात, म्हणून यंत्राचं नावही 'कौल'. साबणाच्या वडीएवढी डबी, वर एक दिवा. हिरवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, खाली टक्के.

"पण हे पांडासाठी नाही केलं मी," त्या म्हणाल्या. "इतकं अपुरं बाळ मोठ्या प्राण्यांत आणखी कुणाला होतं? माणसाला. दिवस भरायच्या आधी झालं तर."

मी उठून म्हटलं, "मॅडम, नोंदी... म्हणजे कधीकधी मागेपुढे होतं हो. पिल्लू सोडत नाही ती."

त्या हसल्या. "होणारच! हजारो नोंदींत दोन-चार चुका मुरून जातात."

दोन-चार! सुखलालने माझा पदर खाली ओढला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. बसा." मी बसले. त्याच कार्यक्रमात मला 'अचूक नोंदींसाठी' प्रशस्तिपत्र मिळालं. माझे जावई निनाद काळमेघ यांनी ते फ्रेम करून त्यांच्या बैठकीत लावलं. सासूचं कौतुक आहे त्यांना, खोटं का बोलू. मी त्यांच्या घरी गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

कौल दवाखान्यांत गेला. त्याचं असं, की तोवर थैल्या आल्या होत्या. काचेची पेटी जुनी झाली. थैली म्हणजे पाण्याने भरलेली कृत्रिम कूसच, बाळाच्या नाळेतून रक्त घेऊन त्यात प्राणवायू घालून परत देणारी. जन्मल्यापासून दोन तासांत बाळ आत घालायचं, शिवण बंद करायची आणि सहा आठवडे उघडायची नाही. सव्विसाव्या आठवड्याचं बाळसुद्धा थैलीत तरतं. पण आख्ख्या जिल्ह्याला थैल्या तीन. पूर्वी डॉक्टर ठरवायचे कुणाला द्यायची, आणि नातेवाईक त्यांची कॉलर धरायचे. आता कौल ठरवतो. यंत्राची कॉलर कोण धरणार?

गेल्या वर्षी माझी ओवी, एकुलती एक पोरगी, जुळ्यांची आई होणार होती. सव्विसाव्या आठवड्यातच तिच्या पोटात दुखायला लागलं. मी चिखलदऱ्याहून घाट उतरून जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. दहाला दोन्ही पोट्ट्या जन्मल्या होत्या. मोकळी थैली एकच होती.

डॉक्टर खंडारकर तरुण होते, डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी दोन कागद दाखवले. पहिली मुलगी, हिरवा, ऐंशी टक्के. दुसरी, लाल, अकरा टक्के.

"पहिलीला थैली देतो. दुसरीला पेटीत ठेवू, होईल तेवढं करू. संमतीला आईचा अंगठा लागेल."

निनादराव पांढरेफटक पडले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "आई, कौल तुमच्याच नोंदींवर शिकलाय न? म्हणजे चुकायचा नाही." ते स्वतःला धीर देत होते. मला वाटलं, भुईने दुभंगून मला पोटात घ्यावं.

ओवी पडून होती, ओठ सुकलेले. तिने माझा हात धरला. "आई, तू तर त्यांच्यातच असतेस. मशीन खरं सांगतं ना गं? म्हणजे... ती दुसरी तशीही नसती ना राहिली?"

मला तेव्हा एवढंच कळत होतं, की नोंदी खोट्या आहेत. त्याने काय बिघडलं, किती बिघडलं, हे नीट कळत नव्हतं. कदाचित मॅडम म्हणाल्या तसं मुरलंही असेल. आणि पोरीचे डोळे असे माझ्या तोंडाकडे लागलेले, की तिला एकच उत्तर हवं होतं. मी भित्री आहे. इतकी वर्षं जे बोट दाबलं, तेच पुन्हा दाबलं.

"खरंच सांगतं गं," मी म्हटलं. तिने अंगठा दिला.

मग मी मुलींना बघायला आत गेले. पहिली थैलीच्या टेबलावर गप्प पडली होती, भोवती चार माणसं. दुसरी कोपऱ्यातल्या पेटीत एकटी. आणि ती रडत होती. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, पण थांबत नव्हता. लांब हाक, मग दोन तोकड्या, दम घ्यायचा, पुन्हा लांब हाक.

मी ते रडणं ओळखलं. दर ऑगस्टात मी ते ऐकलं होतं. जमिनीवर टाकलेलं पिल्लू असंच रडतं. अशक्त असतं म्हणून नाही. कुणी उचललेलं नसतं, म्हणून ते बोलावत असतं!

"सिस्टर," मी विचारलं, "जन्मल्याबरोबर कुणाला कुणी घेतलं होतं?"

"पहिलीला मी घेतलं, छातीशीच होती माझ्या. दुसरी ट्रेमध्ये होती हो, हात कुठे मोकळा होता? तेवढ्यात डॉक्टरांनी कौल लावला दोघींना."

सगळं माझ्या डोळ्यांसमोर लख्ख झालं. आईने उचललेलं पिल्लू गप्प राहतं, आणि जगतं, कारण दूध त्यालाच मिळतं. टाकलेलं ओरडतं, आणि मरतं, कारण आम्ही नुसतं 'झाली' दाबतो. कौलाला वाटलं दूध दोघांना सारखं होतं. मग तो बिचारा काय शिकणार? ओरडतं ते मरतं, एवढंच तो शिकला.

मी खंडारकरांची बाही धरली. सगळं सांगितलं, भडाभडा. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांचा मोठेपणा. पण हात चालूच होते.

"मावशी, हे खरं असलं तरी आता काय करू? थैली एक आहे. हिला काढून तिला घालू? मग ही जाईल."

"अदलाबदल करा!" मी म्हटलं. "दोन तास ही, दोन तास ती. मी करते, डॉक्टर. एकही चुकवणार नाही. शपथ घेते."

"थैली नाळेला जोडतात, मावशी. एकदाच. आणि बारा वाजले की दोघींच्याही नाळा निकामी. थांबलो तर दोघी जातील."

मी बाहेर येऊन देशकर मॅडमना फोन लावला. पडद्याचं सगळं सांगितलं.

"किती नोंदी, प्रणिताताई?"

"पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक सगळ्या. आणि मी एकटी नाही. नऊच्या नऊ केंद्रांत विचारा."

"पण दवाखान्यांत दहांतल्या नऊ वेळा तो बरोबर ठरतोय."

"ठरणारच न, मॅडम! ज्याला तो नाही म्हणतो त्याला थैली मिळत नाही. मिळत नाही म्हणून ते जातं. ते गेलं म्हणून कौल खरा. मग चुकणार कधी तो?"

"आणि हे तुम्ही आज सांगताय," त्या हळू म्हणाल्या. "नात तुमची आहे म्हणून."

खरंच होतं ते. दोन वर्षांत त्या लाल दिव्याखाली किती जणांच्या नाती गेल्या असतील, आणि मी चिखलदऱ्याला बसून मधाचं पाणी ढवळत होते.

बाराला दहा कमी असताना थैलीची शिवण बंद झाली.

मी दुसरीला मागून घेतलं. सिस्टर नको म्हणाली नाही. नळ्या सांभाळत तिने ते एवढंसं गाठोडं माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून शाल घातली. पोट्टीने दोनदा हाक मारली. मग तिचं तोंड माझ्या कातडीला लागलं आणि ती गप्प झाली. माझ्या मुलीचीच हनुवटी होती तिला.

"सिस्टर, कौल लावा हिला पुन्हा."

"काय उपयोग मावशी आता?"

"लावा. पाया पडते."

डबी दहा मिनिटं तिच्याजवळ धरली. दिवा हिरवा झाला. ब्याऐंशी टक्के. सिस्टर त्या दिव्याकडे बघतच राहिली आणि मग खाली स्टुलावर बसली. तिने गेल्या दोन वर्षांत किती लाल दिवे लावले होते ते तिलाच ठाऊक. ती ओठ हलवत मोजत असावी असं मला वाटलं.

पण हिरवा दिवा म्हणजे काही थैली नाही. पोट्टी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली, माझ्याच छातीवर, अजिबात आवाज न करता. पंचवीस तास मी तिला एकदाही खाली ठेवलं नाही. आपण खातपीत नाही आहोत हे मला कळलंसुद्धा नाही.

मी सगळं लिहून दिलं, सहीनिशी. समिती बसली. सुखलाल निवृत्त होऊन त्याच्या गावी गेला होता. त्याने समितीला सांगितलं, "हाव साहेब, मीही दाबलं." इतर केंद्रांतून मात्र एकाही माणसाने तोंड उघडलं नाही. मला झाडलोटीच्या कामावर टाकलं. प्रशस्तिपत्र परत मागितलं नाही. समितीने कौलाचा 'फेरविचार' सुरू केला आहे, तोवर दवाखान्यांत तो चालूच आहे. दुसरं यंत्र नाही म्हणे. आणि हो, अदलाबदलीच्या पडद्यावर आता चौथा पर्याय आला आहे: आई तयार नव्हती. बैल गेला आणि झोपा केला.

थैली सहा आठवड्यांनी उघडली. नात छान आहे, गुटगुटीत. चार महिन्यांची झाल्यावर ओवी तिला घेऊन चिखलदऱ्याला आली. निनादराव गाडी लावत होते. ओवी आल्या आल्या म्हणाली, "घे तुझी ठमाबाई," आणि पोट्टी माझ्या मांडीवर ठेवली. ती माझ्याकडे बघून हसली. तेव्हाच मला कळलं, की आज बोलले नाही तर मी कधीच बोलणार नाही.

मी बोलले. पडद्यापासून हिरव्या दिव्यापर्यंत सगळं सांगितलं.

"थैली एकच होती गं," मी शेवटी म्हटलं. "तुला सांगितलं असतं तरी एकच वाचली असती. तुला आयुष्यभर टोचणी नको म्हणून..."

"मी तुला विचारलं होतं, आई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "तिथे मी फक्त तुला विचारलं होतं."

ती पुढे झाली. माझ्या मांडीवरून पोट्टी उचलून घ्यायला तिला सात सेकंदसुद्धा लागले नाहीत.